शपथेबाहेरचा रस्ता

बाजारात कवठं दिसायला लागली की मी पलीकडच्या रांगेनं जाते. लोकांना कवठ म्हटलं की गूळ घातलेली चटणी आठवते, शिवरात्रीचा उपास आठवतो. मला माझी थोरली बहीण रेखाताई आठवते, आणि मग दिवसभर हातातलं काम हातात राहतं. माघ सरत आलेला असतो. थंडी शिव शिव म्हणत जाते असं म्हणतात. आमच्या परळीत ती काही न म्हणता जाते आणि तिच्या जागी राखेचा वारा सुटतो. सकाळी पुसलेला ओटा दुपारी पांढुरका दिसतो. माझी आई फडकं घेऊन पुन्हा पुसायला बसते. इतकी वर्षं झाली, पण थर्मल वीजकेंद्राच्या राखेपुढं तिनं काही हार मानलेली नाही.

यंदा कवठं आली, राख आली, उपासाचा साबुदाणा आला. जत्रा तेवढी आमच्या गल्लीत आली नाही. दुकानं रुळांपलीकडच्या मोकळ्या मैदानावर लावायची असं ठरलं. आठवडाभर आधी रिक्षावर भोंगा बांधून एक जण ते ओरडत फिरला. गर्दीत चेंगराचेंगरी नको, आजारी माणसाची गाडी तरी निघायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच आहे. मागच्या वर्षी शेजारच्या काकांना छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना खाटेवर घालून, फुगेवाले आणि पिपाण्यावाले बाजूला सारत, मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं होतं. चूक कुणाचीच नाही, आणि म्हणून कुणावर चिडताही येत नाही. मला तर चिडायला फार आवडतं.

आमची गल्ली देवळाकडं चढत जाते. दोन्ही बाजूंनी घरं, घरांना दगडी ओटे. आजोबा सांगायचे, निजामाच्या राज्यात जत्रेकरू बैलगाडीनं यायचे आणि ज्या ओट्यापुढं गाडी सुटायची ती जागा त्या माणसाची व्हायची. पुढं गाड्या गेल्या, टेम्पो आले, जागा त्याच राहिल्या. आमच्या शेजारच्या ओट्याखाली रेवड्या-बत्तासे, समोर पितळी घंटा आणि समया, वरच्या अंगाला रुद्राक्षाच्या माळा, आणि त्याच्याही वर बेलाचे ढीग. ओल्या बेलाचा वास, तळणाचा वास आणि कुठूनतरी येणारा शेणाचा वास, असं सगळं मिळून ते चार दिवस आमचं घर भरून जायचं. ज्याचा ओटा, त्या घरच्या बाईनं पहिली खरेदी करायची, भवानी द्यायची, हा रिवाज. त्याआधी दुकानदार दुसऱ्या कुणाला पुडीसुद्धा बांधून देत नसे. गल्लीतल्या बायकांना या मानाचं भारी अप्रूप. समोरच्या काकूंकडं समया ठेवायला जागा उरली नव्हती, तरी दर साली त्या एक समई घ्यायच्या आणि वर्षभर नवऱ्याची बोलणी खायच्या.

आमच्या ओट्याखाली हलीमाखाला बसायची. ती पाटोद्याची. बांगड्यांचं दुकान तिच्या सासूपासूनचं. पहिल्या दिवशी सकाळी ती चटई अंथरायची, बांगड्यांच्या माळा दोरीला टांगायची आणि वर बघून हाक मारायची, मालकीणबाई, या. आई पदर सावरत उतरायची. खाला आईचा हात हातात घेऊन बोटांची मुळं दाबत, मूठ सैल सोड माय, असं म्हणत हिरव्या काचेच्या बांगड्या चढवायची. भरून झाल्या की आई तिला वाकून नमस्कार करायची. बांगडी भरणारीला नमस्कार करायचा असतो, ती जातीची कोण, धर्माची कोण, हे त्यात येत नाही. जत्रेत फुगे होते, पाळणे होते, मौत का कुआँ होता. मला मात्र जत्रा म्हणजे हा नमस्कार वाटायचा.

रेखाताईनं जातीबाहेर लग्न केलं आणि आमच्या घरातला हा सण नासला. मुलगा माजलगावचा, तिथल्या साखर कारखान्यात कामाला. निर्व्यसनी, शांत. त्याच्यात खोट काढायची म्हटली तर तो जेवताना फार हळू जेवतो, एवढीच मला सापडली. पण अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या लेखी तो माणूस नव्हताच, नुसती जात होती. अण्णांचं धान्याच्या मोंढ्यात आडत दुकान. तिथं चार माणसांत मान खाली गेली, असं त्यांनी धरलं. कोण काय बोललं होतं, ते आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही. बहुतेक कुणी काही बोललंच नसावं.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणारा माणूस दमतो. त्यांनी देवघरातून बेल आणि भंडारा आणून आईच्या तळहातावर ठेवला आणि शपथ घ्यायला सांगितली. तिच्या दारी जाणार नाही, तिला दारात घेणार नाही, तिच्याशी बोलणार नाही. आमच्याकडं बेलभंडार उचलून घेतलेली शपथ कोर्टाच्या निकालापेक्षा मोठी. आईनं अण्णांकडं एकदा पाहिलं आणि तिन्ही वाक्यं म्हटली. मी तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आई एवढ्या खालच्या आवाजात बोलली की अण्णांनी तिला तिसरं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मला शपथ नव्हती, कारण मला कुणी मोजलंच नव्हतं. मी ताईकडं जायची, राहायची, फोन करायची. पुढं मला इथंच गावात, दोन गल्ल्या सोडून दिली. एकदा मी फोन लावून आईच्या कानाशी नेला तर तिनं चटका बसल्यागत मान मागं घेतली. फोनवर बोलणं म्हणजे बोलणंच, म्हणाली. मी म्हटलं, आई, देवाला काय उद्योग नाहीत का तुझा फोन ऐकायला? तर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. अशी आमची आई.

लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला ताई आली. घरी नाही, जत्रेला. आधी कुणाला सांगितलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत आली आणि हलीमाखालापुढं चटईवर बसली, आमच्या ओट्याखाली, आईपासून हातभर खाली. आई ओट्यावर उभी होती. तिच्या हातात साबुदाणा निवडायचं ताट होतं, ते तिनं तसंच धरून ठेवलं. मी धावत आत गेले आणि अण्णा काय करतात ते बघितलं. अण्णा पेपर घेऊन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. उठवा तिला, असं त्यांनी म्हटलं नाही. म्हणणार कसं? रस्ता त्यांच्या मालकीचा नव्हता आणि दुकान खालाचं होतं.

त्या दिवशी आईनं शपथेतली वाट शोधून काढली. ती खालाकडं बघून म्हणाली, ‘खाला, गिऱ्हाइकाचा हात वाळलाय जणू. जेवन बिवन करतं का न्हाई?’

खालानं ताईला विचारलं, करती का? ताई खालाला म्हणाली, करते म्हणावं. खालानं वर सांगितलं, करती म्हणती. असं त्यांचं बोलणं झालं. सासू कशी हाय, पाणी लांबून आणावं लागतं का, कंबर दुखते का अजून, सगळं खालाच्या तोंडून खाली गेलं आणि खालाच्याच तोंडून वर आलं. एकमेकींचा श्वास ऐकू येईल एवढ्या अंतरावर दोघी. एकही शब्द एकमेकींशी नाही. बांगड्या भरून झाल्यावर ताई खालाला नमस्कार करायला वाकली, आणि वाकताना तिचं डोकं ओट्याच्या दगडाला टेकलं. आई आत निघून गेली. परातीत पीठ मळण्याचा आवाज किती तरी वेळ येत होता, आणि त्या दिवशी तर सगळ्यांना उपास होता.

मग दर साली तसंच. पुढं ताईला मुलगी झाली आणि आईची चांदी झाली. नात शपथेत नव्हती. शपथ घातली तेव्हा ती जन्मलीच नव्हती, तर तिचं नाव कुठून येणार? आमची आई वकील व्हायची, चुकून चुलीपुढं बसली. ती नातीशी खुशाल बोलायची, ओट्यावरून खाली हात करून तिचे गाल कुरवाळायची, रेवड्या द्यायची. पोर तीन-चार वर्षांची असताना तिनं मोठ्यानं विचारलं, ही कोण हाय? हलीमाखाला बांगडी चढवता चढवता म्हणाली, ‘मालकीण हाय माय, या ओट्याची.’ आईनं मान हलवली. हो, तीच मी, अशी.

या काळात जत्रा बदलत होती. भोंग्यांची संख्या वाढली. पितळेच्या जागी स्टील आलं, लाकडी बैलांच्या जागी दिवे लागणाऱ्या चायना बंदुका. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा ओट्याच्या पायऱ्या निम्म्या गाडल्या गेल्या. काचेच्या बांगड्या घेणाऱ्या बायका कमी झाल्या. पोरी येतात, एक कडं घालतात, फोटो काढतात, कडं परत ठेवतात. मोठ्या गाड्यांतून येणारे पुढारी दर्शनाला जाताना सगळ्यांना बाजूला व्हायला लावतात आणि त्या गडबडीत एखादी माळ पायाखाली जाते. बांगडी फुटली असं खाला कधी म्हणायची नाही, वाढवली म्हणायची. अख्खी माळ चुराडा झाली तरी वाढवलीच. गावातली निम्मी घरं या दिवसांत ऊसतोडीला गेलेली असतात, त्यांच्या म्हाताऱ्या तेवढ्या जत्रेला येतात आणि लांब असलेल्या सुनांसाठी अंदाजानं बांगड्या नेतात. खाला त्यांना एक माप मोठं देते. कोयता धरून हात फुगतात, असं म्हणते.

पण मला खरं बोलायचं आहे ते अण्णांबद्दल. जत्रेच्या पहिल्या दिवशी ते मोंढ्यात जायचे नाहीत. सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, पेपर घेऊन ओट्यावर बसायचे. ताई येऊन जाईपर्यंत उठायचे नाहीत, आणि तेवढ्या वेळात पेपरचं पान एकदाही उलटायचे नाहीत. मला वाटायचं, बर्फ वितळतोय. एक ना एक दिवस हा माणूस पेपर खाली ठेवील. दर साली मी वाट बघायची. आता वाटतं, वितळत काहीच नव्हतं. उलट आमच्या सगळ्यांची सोय झाली होती. आईला लेक दिसत होती, अण्णांना लेक दिसत होती, ताईला आई दिसत होती, आणि कुणालाही एक पाऊल उचलावं लागत नव्हतं. जत्रा आपल्या पायानं दारात यायची आणि आमचा सगळा भेकडपणा रेवड्यांसोबत पुडीत बांधून न्यायची. जत्रा नसती तर कदाचित दुसऱ्याच वर्षी कुणीतरी शपथ मोडली असती. हे कळायला मला जत्रा जावी लागली.

भोंग्यावाली रिक्षा गेली त्या दिवशी आईनं ओटा पुसता पुसता फडकं तसंच टाकलं. म्हणाली, ‘आता ती कुठं बसंल?’

मी ताईला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी मैदानावर येते, तू आईला घेऊन ये. सोपं होतं. पण आईपुढं सोपं काही टिकत नाही. जत्रा दारात आली तेव्हा ती दारात होती, त्यात तिचा काय दोष? पण आपण होऊन जत्रेत जायचं म्हणजे लेकीला भेटायलाच जायचं, आणि देवाला ते दिसतं, असं तिचं म्हणणं. मी रागावले, समजावलं, शेवटी रडले. ती नाही म्हणजे नाही. मी ताईला पुन्हा फोन करून सांगितलं की आई येणार नाही. ताई बघते एवढंच म्हणाली. मला वाटलं, यंदा ती काही येत नाही.

शिवरात्रीच्या सकाळी मी माहेरी गेले तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. अण्णा धुतलेला सदरा घालून, पेपर घेऊन ओट्यावर बसलेले, समोर सुनसान सिमेंटचा रस्ता. आई मला म्हणाली, चल. हलीमाखालाला भवानी कोण देणार? तिनं आपल्या ओट्याचं दुकान मैदानावर मांडलंय, माझा हात लागल्याबिगर ती कुणाला बांगडी भरणार न्हाई. रात्रभर जागून बाईनं ही पळवाट काढली होती. अण्णांना ऐकू जाईल असं ती बोलली, आणि अण्णांनी पेपर जरा वर धरला. वाटेत मी ताईला फोन लावत राहिले. लागेना. मेसेज पाठवला, त्यावर एकच टिक. जत्रेच्या दिवशी गावात फोनचं असंच होतं.

मैदान मोठं होतं, आखलेलं होतं, दुकानांना नंबर होते. आईला तिथं सुधरेना. आयुष्यभर जत्रा तिनं वरून, ओट्यावरून पाहिलेली. आत शिरून जत्रा कशी असते ते तिला माहीतच नव्हतं. लोकांचे धक्के लागले की ती माझा दंड घट्ट धरायची. पत्र्याच्या आडोशाखाली हलीमाखाला सापडली. खरोखरच तिनं अजून कुणाला बांगडी भरलेली नव्हती. आईला बघून तिचे डोळे भरले. तिनं हात घेतला, बोटांची मुळं दाबली. आईचं लक्ष हाताकडं नव्हतंच, ती सारखी गर्दीकडं बघत होती. गिऱ्हाईक आलं न्हाई का अजून, असं तिनं हळूच विचारलं. खालानं नाही म्हणून मान हलवली.

आम्ही थांबलो. ऊन डोक्यावर आलं. खालानं स्टुल दिलं तर आई बसेना. बसलं की दिसत नाही, म्हणाली. लांबून एखादी बाई लहान मुलीचा हात धरून येताना दिसली की तिची पावलं पुढं व्हायची आणि परत थांबायची. शेवटी मीच तिला ओढून घरी आणलं. रिक्षात ती सारखी मागं वळून बघत होती.

अण्णा ओट्यावर उभे होते. पेपर नव्हता हातात. आम्ही उतरतोय तोच म्हणाले, ‘आलती.’

आई जागच्या जागी थांबली. मी विचारलं, कोण? विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. त्यांनी नाव घेतलं नाही. रस्त्याकडं हात करून म्हणाले, ‘तितं उभी व्हती. पोरीला घेऊन. दुकान न्हाई, मानूस न्हाई, नुसत्या रस्त्यात.’

मला एकदम सगळं उमगलं. आई मैदानावर येत नाही म्हटल्यावर ताईला एकच जागा माहीत होती. तिथं ती आली होती, पहिल्यांदाच कुठलंही निमित्त नसताना. खाला नाही, चटई नाही, बांगड्या नाहीत, गर्दी नाही. आपल्या बापाच्या दारासमोर, सगळ्या गल्लीच्या देखत, आईला बघायला म्हणून उघड उघड उभी राहिली होती. आणि आईच घरात नव्हती.

आईनं विचारलं, किती येळ? अण्णा म्हणाले, लई येळ.

‘पाणी विचारलं का?’

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. या माणसाला मी मोंढ्यात हमालांवर डाफरताना पाहिलंय, पुढाऱ्यांना सुनावताना पाहिलंय. ‘मनात व्हतं,’ म्हणाले. ‘तोंडातून निघालं न्हाई.’

मला वाटलं, आता आई रडेल. ती रडली नाही, घरातही गेली नाही. मला म्हणाली, माजलगावची गाडी कितीला हाय बघ. अण्णा एक पायरी खाली आले. दबल्या आवाजात म्हणाले, शपथ हाय. आईनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता, तेच मला जड गेलं.

‘शपथ तुमची हाय,’ ती म्हणाली. ‘तुमी पाळा.’

एसटीत उपासाचे, दर्शनाचे, पोराबाळांचे लोक खच्चून भरले होते. कुणीतरी आईला खिडकीजवळ जागा दिली. गाव मागं पडलं, थर्मलच्या चिमण्या मागं पडल्या, दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची रानं लागली. मी ताईला फोन लावत होते. आता तो बंद लागत होता, गर्दीनं नव्हे, तिनं बंद केलेला. आई मला विचारत होती, घर कौलाचं हाय का स्लॅबचं, दार कोणत्या अंगाला हाय, दारात काही लावलंय का. लेकीच्या संसाराला एवढी वर्षं झाली आणि तिला दार कुठल्या दिशेला आहे ते माहीत नव्हतं. मी सांगत गेले. पूर्वेला आहे, दोन पायऱ्या आहेत, तुळस आहे, लोखंडी फाटक आहे. फाटक म्हटल्यावर ती खिडकीबाहेर बघायला लागली.

बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘तिनं आत घेतलं न्हाई तर?’

मी म्हणाले, असं कसं होईल, तुझी लेक आहे ती. पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. आज दुपारी ताई ज्या उन्हात उभी होती ते ऊन मला दिसत होतं. आईनं हातातली पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि खिडकीबाहेर बघत, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली,

‘उभी ऱ्हाईन. ती ऱ्हायली तेवढा येळ तर उभी ऱ्हाईन.’